विरारचा टोस्ट

बारावीची परीक्षा संपल्यापासून निकाल लागेपर्यंतचा जो काळ असतो, तितका निरुपयोगी आणि तितका सुखाचा काळ माझ्या वाट्याला पुन्हा आला नाही. नव्वदचं दशक संपत आलं होतं. आम्ही तिघी मैत्रिणी रोज दुपारी वसईजवळच्या उमेळ्याला जमायचो, आंब्याखाली चटई टाकायचो आणि संध्याकाळपर्यंत तिच्यावरून उठायचो नाही.

कॉलेजात आमच्या वर्गात एकेका नावाच्या तीन-तीन मुली होत्या, म्हणून आम्ही एकमेकींना गावाच्या नावाने हाक मारायचो. उमेळ्याला राहायची ती उमेळे, विरारची ती विरार आणि मी जूचंद्र. सवय इतकी जडली होती की एकदा मी विरारच्या घरी फोन करून तिच्या आईला विचारलं, "काकू, विरार आहे का घरात?" त्या म्हणाल्या, "हो, आणि आमचं घरही विरारमध्येच आहे. बोलावते."

उमेळेचं घर वाडीत होतं. केळी, मोगरा, दोन-चार आंबे, एक विहीर. तिचे वडील ती वाडी करायचे आणि दिवसभरात मोजकंच बोलायचे. तिची मम्मी गावातल्या शाळेत शिकवायची आणि वडिलांच्या वाट्याचंही बोलून घ्यायची. विरार ही स्टेशनजवळच्या एका इमारतीत चौथ्या मजल्यावर राहायची. तिचे वडील मूळचे रत्नागिरीकडचे, मुंबईच्या एका शाळेत मराठीचे शिक्षक. त्यांना सगळे अण्णा म्हणत. आणि मी लालबागहून जूचंद्रला नुकत्याच उठलेल्या एका बिल्डिंगमध्ये राहायला आलेली. आमच्या खिडकीतून एका बाजूला दुसरी बिल्डिंग दिसायची आणि दुसऱ्या बाजूला तिसरी उठत असलेली दिसायची.

विरार ही आमच्या तिघींतली नामवंत. वक्तृत्व स्पर्धा म्हटली की ढाल तिच्याच घरी जायची. पर्यावरण असो, हुंडाबळी असो की 'मी पाहिलेला सूर्यास्त' असो, ती तितक्याच तळमळीने बोलायची. तिची एक खास लकब होती. वाक्य अगदी वर चढवत न्यायचं, एकदम थांबायचं, उजवा हात हवेत उंच धरायचा आणि समोरच्यांकडे एकटक बघत राहायचं. परीक्षक त्या थांबण्यालाच मार्क देत असावेत. भाषणं अण्णा लिहून द्यायचे आणि हात कुठे वर करायचा तेही समासात लिहायचे.

त्या मे महिन्यात उमेळेच्या मोठ्या बहिणीचं लग्न होतं. ही ताई मुंबईच्या एका इस्पितळात नर्स होती. मुलगा पलीकडच्या गावचा. लग्नाच्या आधी पंधरा दिवस मम्मीने आमची आंब्याखालची चटई गुंडाळून ठेवली आणि आम्हाला कामं वाटली.

माझ्याकडे बघून ती म्हणाली, "तू जूचंद्रची ना? मग दारातली रांगोळी तुझ्याकडे."

जूचंद्र रांगोळीसाठी सगळीकडे प्रसिद्ध. तिथली मुलं-मुली माणसांचे चेहरे असे हुबेहूब काढतात की पाय ठेवायला भीती वाटावी. पण ते गावातले लोक. आम्ही तिसऱ्या मजल्यावरचे भाडेकरू, आमच्या दारासमोर रांगोळीला दीड फूट जागा होती आणि तीही शेजारच्यांच्या चपला घेत. मी तसं सांगून पाहिलं.

"तिथल्या पाण्यातच असतं ते," मम्मी म्हणाली. "दोन वर्षं पितेयस ना?"

मी रांगोळीच्या रंगांची यादी करायला बसले.

विरारला वाटणीत रोज जेवणाऱ्या पाहुण्यांच्या केळीच्या पानांचा हिशेब आणि पुसणं आलं होतं आणि ती थोडी नाराज होती. तिच्यासारखीला पानं पुसायला लावणं तिला पटत नव्हतं. पण तिचं नशीब उघडलं ते उमेळेच्या मामांचा आवाज गेल्यामुळे.

हे मामा म्हणजे मम्मीचे भाऊ. उमेळेचं घर ख्रिस्ती, आणि तिथल्या ख्रिस्ती लग्नात संध्याकाळच्या पार्टीत टोस्ट असतो. एक जण नवरा-नवरीबद्दल चार चांगले शब्द बोलतो, मग सगळे ग्लास उंचावतात, बँड ठरलेली धून वाजवतो आणि सगळे एक घोट घेतात. आसपासच्या बहुतेक लग्नांत हा मान मामांचा असायचा. त्यांचा टोस्ट कायम एकच. त्यात एक विनोद होता, तो लोकांना इतका पाठ होता की मामा त्याच्या अलीकडच्या वाक्यावर आले की मंडळी हसायला लागायची. पण त्या आठवड्यात मामा आधी मांडववाल्याशी भांडले, मग जेवणवाल्याशी भांडले, मग गारेगार उसाचा रस प्यायले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या तोंडून नुसती हवा यायला लागली. डॉक्टरांनी पंधरा दिवस कुजबुजायचंसुद्धा नाही असं बजावलं.

घरात काळजी पसरली. ओट्यावर सगळे बसले होते, मामा मधल्या खुर्चीत गळ्याला मफलर गुंडाळून, मे महिन्यात. टोस्ट कोण करणार यावर चर्चा चालली होती आणि विरार आत पानं पुसत होती, त्यामुळे तिच्या कानावर यातलं काही गेलं नव्हतं. उमेळे म्हणाली, "मम्मी, आपल्याकडे विरार आहे ना. ढाली मिळवते ती."

मम्मीला ते पटलं. तिने आत हाक मारली, "अगं विरार, रविवारी टोस्ट तू करशील का?"

विरार ओलं फडकं घेऊन दारात आली. "करीन की. किती जणांसाठी?"

"चारशे तरी माणसं असतील."

विरार जरा विचारात पडली. "मग काकू, मला मदतीला कुणीतरी लागेल. एकटीने भाजायचं म्हणजे सकाळपासून बसावं लागेल. चहाबरोबर द्यायचाय की नुसता?"

"वाईनबरोबर," उमेळेने शांतपणे सांगितलं.

पुढची पाच मिनिटं ओट्यावर नुसता हशा होता. मामा तर आवाजाशिवाय हसत होते, नुसते गदगदा हलत होते, डोळ्यांतून पाणी. विरारला खुलासा झाल्यावर तिचा चेहरा आधी लाल झाला आणि मग, भाषण करायचंय हे लक्षात आल्यावर, उजळला. तिने फडकं माझ्या हातात दिलं. पानं त्या दिवसापासून मी पुसली.

"साधारण किती वेळ बोलायचं असतं मामा?" तिने विचारलं.

मामांनी दोन बोटं दाखवली.

"दोन मुद्दे?" विरार म्हणाली. "अण्णा नेहमी सात तरी काढतात."

मामांनी जोरजोरात मान हलवली, पुन्हा दोन बोटं दाखवली आणि मनगटावरच्या घड्याळावर टकटक केली.

"दोन वाजता?"

मामांनी डोळे मिटून घेतले.

भाषण अर्थातच अण्णांनी लिहिलं. त्यांनी आयुष्यात टोस्ट ऐकला नव्हता, पण ऐकला नाही म्हणून लिहायचं नाही असा त्यांचा स्वभाव नव्हता. दोन दिवसांनी विरार फुलस्केप कागदांची जुडी घेऊन आली आणि केळीच्या रांगेसमोर उभी राहून तालीम करू लागली. तिचं म्हणणं, केळीची पानं हलतात, त्यामुळे श्रोत्यांसारखी वाटतात.

"मानवी संस्कृतीच्या उषःकाली," तिने सुरुवात केली, "जेव्हा अग्नीचा शोध नुकताच लागला होता..."

"अगं, लग्न रविवारी आहे," उमेळे म्हणाली. "अग्नीपासून निघालीस तर ताईपर्यंत पोचणार कधी?"

"त्याला पार्श्वभूमी म्हणतात."

मम्मी मोगऱ्याच्या कळ्या खुडताना ऐकत होती. ती म्हणाली, "बाई, लोक हातात ग्लास धरून उभे असतात गं तोवर."

"उभ्या माणसाचं लक्ष जास्त लागतं असं अण्णा म्हणतात," विरार म्हणाली, आणि पुन्हा अग्नीपासून सुरू झाली.

उमेळेचे वडील त्याच रांगांना पाणी सोडायचे. आठवडाभर त्यांनी ते भाषण रोज ऐकलं. विरार एखाद्या थांब्यावर हात उंच करून उभी राहिली की पाण्याचा पाट तिच्या पायाशी यायचा, मग ते निमूटपणे फावड्याने माती ओढून पाणी दुसरीकडे वळवायचे. शनिवारी त्यांनी एक घड उतरवला, त्याच्याकडे बघितलं आणि म्हणाले, "यंदा केळी लवकर पिकली." एवढंच. विरारने ते कौतुक म्हणून घेतलं.

रविवारी सकाळी मी सहा वाजता सायकलवर टांग मारली, नायगावचं रेल्वे फाटक ओलांडलं आणि रांगोळीचे रंग घेऊन उमेळ्याला हजर झाले. मोर काढायचा ठरवला होता. मोराला पिसारा असतो, त्यामुळे चुकलेलं झाकता येतं असा माझा अंदाज होता. पण मी मान आखूड काढली, ती दुरुस्त करताना पोट वाढलं, पोटाच्या मानाने पिसारा लहान पडला आणि तोवर हिरवा रंग संपला. पाय तर मी पुसून तीनदा काढले. उमेळेचे वडील बाहेर आले, कमरेवर हात ठेवून बराच वेळ खाली बघत राहिले.

"कोंबडी छान झालीय," ते म्हणाले.

मग त्यांनी आतून दोन खुर्च्या आणल्या आणि कुणाचा पाय पडू नये म्हणून तिच्या दोन्ही बाजूंना आडव्या ठेवल्या. दिवसभर येणारे पाहुणे त्या कोंबडीला वळसा घालून आत जात होते. बऱ्याच जणांना लग्नाशी तिचा संबंध काय ते कळलं नाही, पण त्यांनी विचारलं नाही. बाहेरगावच्या एका बाईने मात्र मम्मीला विचारलंच, की उमेळ्याला अशी प्रथा आहे का.

लग्न दुपारी चर्चमध्ये झालं. ताई पांढऱ्या गाऊनमध्ये इतकी वेगळी दिसत होती की आम्ही तिघीही तिच्याशी अहो-जाहो बोलायला लागलो. उमेळे करवली होती, तिने त्या दिवशी उंच टाचांचे बूट घातले होते आणि ती चर्चच्या पायऱ्या उतरताना नवरीपेक्षा जास्त जपून उतरली.

संध्याकाळी घराशेजारच्या मोकळ्या जागेत पार्टी होती. रंगीत दिवे, लाकडी स्टेज, एका कोपऱ्यात लाल कोट घातलेला बँड. अण्णा विरारहून कडक इस्त्रीचा पांढरा सदरा घालून आले. काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेली बाटली होती. ते कोकम सरबत होतं. मुलीने स्टेजवर ग्लास उंचावायचा हे त्यांनी मान्य केलं होतं, पण ग्लासात काय असावं हे ते स्वतः ठरवणार होते. घरच्या जांभळाच्या वाईनशेजारी ते कोकम ठेवलं तेव्हा रंगात काडीचा फरक नव्हता.

उमेळेच्या काकांनी ट्रे पुढे करत अदबीने विचारलं, "सर, तुम्ही वाईन घेता का?"

"मी मराठीचा शिक्षक आहे," अण्णा म्हणाले. काकांनी त्यावर थोडा विचार केला आणि त्यांना कोकम दिलं.

केक कापून झाला. माइकवरून टोस्टची घोषणा झाली. सगळ्यांच्या हातात ग्लास आले, माणसं उठून उभी राहिली. विरार स्टेजवर चढली. तिने मोरपंखी रंगाचा पंजाबी ड्रेस घातला होता, कागद आणला नव्हता, सगळं तोंडपाठ. पुढच्याच रांगेत अण्णा उभे होते. त्यांच्या शेजारी मामा, मफलरसकट. मी आणि उमेळे स्टेजच्या पायऱ्यांपाशी.

"मानवी संस्कृतीच्या उषःकाली," विरारचा आवाज मांडवभर घुमला. खरं सांगते, पहिल्या वाक्याला माझ्या अंगावर काटा आला. "जेव्हा अग्नीचा शोध नुकताच लागला होता, तेव्हा त्या अग्नीभोवती माणूस बसला, आणि प्रथमच त्याला जाणवलं की तो एकटा नाही."

इथे ती थांबली. उजवा हात उंच केला.

आणि बँड वाजला.

झालं असं की बँडमास्तरला मामांची सवय होती. मामा शेवटच्या वाक्याला थांबायचे आणि हात वर करायचे, की याने सुरू करायचं. शब्दांकडे त्याचं कधीच लक्ष नसायचं. त्याने विरारचा हात बघितला आणि आपलं काम केलं. धून ऐकताच चारशे माणसांनी ग्लास उंचावले, जल्लोष केला आणि एक घोट घेतला. काही जण खालीही बसले. इतका छोटा आणि इतका गूढ टोस्ट त्यांनी आजवर ऐकला नव्हता.

विरार हात वर धरून तशीच उभी. धून संपल्यावर तिने हात खाली घेतला, घसा साफ केला आणि म्हणाली, "परंतु, मित्रहो."

बसलेले लोक पुन्हा उठले.

ती अग्नीवरून शेतीवर आली, शेतीवरून कुटुंबसंस्थेवर. ग्लास हातात धरून म्हातारी मंडळी एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर घेत होती. "तर मग विवाह म्हणजे काय?" तिने विचारलं. प्रश्न आला की थांबा हवाच. हातही हवाच.

बँड पुन्हा वाजला. या वेळी लोकांनी जास्तच उत्साहाने साथ दिली. मागच्या बाजूला तरुण मुलांचा एक घोळका होता, त्यांना हा प्रकार फारच आवडला होता. वाढपी लगबगीने रिकामे ग्लास भरत फिरू लागले. नवरा मुलगा ताईच्या कानात काहीतरी विचारत होता. बहुधा, अजून किती आहे.

"हात मागे बांध," उमेळे खालून दात आवळून पुटपुटली. विरारने ते ऐकलं. तिने दोन्ही हात पाठीमागे घेतले, एका हातात ग्लास, आणि पुढचा मुद्दा सुरू केला. अण्णांचे ओठ तिच्याबरोबर हलत होते. ते सगळं मनात म्हणत होते, आणि कुठे काय येतं हे त्यांना माहीत असल्यामुळे पुढचा थांबा येताना त्यांच्या कपाळावर आधीच आठी पडली.

"आज येथे दोन माणसं नव्हे, तर दोन घरं, दोन गावं, दोन अंगणं..." वाक्य चढत गेलं. आठवडाभर केळींसमोर केलेला सराव होता तो. हात तिच्या पाठीमागून निसटला आणि वर गेला.

तिसऱ्यांदा बँड वाजला तेव्हा मागचा घोळका नाचायलाच लागला.

मामा ताडकन निघाले. आवाज नव्हता, पण त्यांनी लाल कोटवाल्यांपुढे जाऊन जे हातवारे केले त्यात सगळं होतं. दोन्ही तळवे खाली दाबले, ओठांवर बोट ठेवलं, विरारकडे बोट केलं, मनगटावर टकटक केली, शेवटी मूठ दाखवली. बँडमास्तरने घाबरून तुतारी मांडीवर ठेवली. मांडवात हसू पसरलं होतं, ते हळूहळू विरत गेलं. सगळे स्टेजकडे बघायला लागले.

मला वाटलं, आता ही रडणार. विरारला हरायची सवय नव्हती. तिचा चेहरा तसा झालाही होता. तिने अण्णांकडे पाहिलं. अण्णांनी ओठांनी पुढच्या मुद्द्याचा पहिला शब्द तिला दाखवला. विरार त्यांच्याकडे बघत राहिली, आणि मग तिला हसू फुटलं. आधी बारीक, मग आवरेना इतकं. माइक समोरच असल्यामुळे ते सगळ्यांना ऐकू गेलं.

"पुढचं विसरले नाही मी," ती म्हणाली. हा तिचा नेहमीचा, आंब्याखालचा आवाज होता. "पण तुमचे ग्लास पुन्हा रिकामे होतील. म्हणून मी ताईंबद्दलच सांगते."

ती जरा थांबली. हात खालीच होता.

"पूर्वपरीक्षेच्या आधी मला कांजिण्या आल्या. घरी कुणी येत नव्हतं, आणि बरोबरच आहे. या दोघींनाही त्यांच्या आयांनी सोडलं नाही. पण ताई यायच्या. रात्रपाळी करून सुटल्या की वसईला उतरायच्याच नाहीत, तशाच पुढे विरारला यायच्या. मला औषध लावायच्या आणि मग माझं अर्थशास्त्राचं पुस्तक घेऊन वाचून दाखवायच्या, कारण मला डोळ्यांना ताण द्यायचा नव्हता. मागणीचा नियम वाचता वाचता त्या झोपायच्या. रोज त्याच वाक्याला. पुस्तक तोंडावर, आणि झोप. मी उठवायची नाही. तासाभराने जाग्या झाल्या की म्हणायच्या, कुठे होतो आपण? आणि पुन्हा मागणीच्या नियमापासून."

ताईने तोंडावर रुमाल धरला होता आणि तिचे खांदे हलत होते. हसतेय की रडतेय ते आम्हाला कळेना.

"भाऊजी," विरार नवऱ्या मुलाकडे वळली, "त्या कधी बोलता बोलता झोपल्या तर उठवू नका. दमून आलेल्या असतात. आणि मागणीचा नियम मला आजही येत नाही, पण मी बरी झाले. ताई आणि भाऊजी, दोघं सुखात राहा."

तिने कोकमचा ग्लास उंच केला. चारशे ग्लास वर गेले.

बँड गप्प.

बँडमास्तर तुतारी मांडीवर ठेवून, मान खाली घालून बसला होता. त्याला काही वाजवायचं नाही एवढंच कळलं होतं आणि आता तो काही झालं तरी वाजवणार नव्हता. मामा त्याला खुणा करत होते, पण मघाच्या खुणा आणि आत्ताच्या खुणा यांत त्याला फरक दिसत नव्हता. माणसं हात वर धरून उभी. मामांनी तोंड उघडलं, नुसती हवा आली.

तेव्हा पुढच्या रांगेतून वर्गात दरारा बसवणारा एक खणखणीत आवाज आला. "अहो, वाजवा की आता."

अण्णा होते. बँड दचकून सुरू झाला. माणसांनी ग्लास रिकामे केले, टाळ्या थांबेनात. ताई गाऊन सावरत उठली आणि तिने विरारला घट्ट मिठी मारली. कोकम दोघींच्या मध्ये सांडलं आणि त्या पांढऱ्या गाऊनवर असा काही डाग पडला की मम्मीला लग्नानंतरचा आठवडाभर तेच काम पुरलं.

जेवण झाल्यावर अण्णांनी विरारला आणि मला रिक्षात घातलं; माझी सायकल उमेळ्यालाच राहिली. मला फाटकापाशी उतरायचं होतं. रिक्षा मोठ्या रस्त्याला लागली. मग अण्णा म्हणाले, "तीन मुद्दे झाले. चार राहिले."

"हो अण्णा."

रिक्षा खड्ड्यातून गेली. "ती मुलगी तुझ्यासाठी येत होती, हे मला माहीत नव्हतं."

"तुम्ही शाळेतून यायच्या आत त्या जायच्या."

फाटक आलं, मी उतरले. माझी पाठ वळल्यावर त्यांचं वाक्य कानावर पडलं. "हे पहिल्यालाच घ्यायला हवं होतं. अग्नीच्या आधी."

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघी भांडी मोजायला आणि मांडव आवरायला पुन्हा उमेळ्याला. विरार मम्मीपाशी घुटमळत होती. शेवटी तिने विचारलंच, "काकू, मी बरं बोलले ना?"

"बोललीस ते बरंच होतं," मम्मी म्हणाली. "पण बोलायचं सोडलंस, मग जास्त चांगलं झालं." आणि तिच्या हातात मोठं पातेलं दिलं.

गावात तो टोस्ट महिनाभर चर्चेत होता. त्या मे महिन्यात अजून लग्नं होती आणि दोन घरांतून विरारला बोलावणं आलं. तिच्या भाषणाची कीर्ती होती की चार वेळा ग्लास भरले गेल्याची, ते सांगता येत नाही. तिने दोन्ही ठिकाणी नाही म्हटलं. एक तर अण्णांनी नवं भाषण लिहायला साफ नकार दिला. दुसरं म्हणजे, मामांचा आवाज परत आला होता.

मामा थोडे नाराज होते, हे आमच्या लक्षात यायला वेळ लागला नाही. पुढच्या रविवारच्या लग्नात त्यांनी त्यांचा नेहमीचा टोस्ट केला, नेहमीचा विनोद केला, हात वर केला, बँड वाजला, लोकांनी घोट घेतला. मग मंडळी ग्लास हातात धरून त्यांच्याकडे आशेने बघत राहिली. मामा घरी येऊन मम्मीला म्हणाले, "लोकांची सवय बिघडवली त्या पोरीने."

विरारने हे घरी सांगितलं असावं, कारण त्यानंतरच्या रविवारी अण्णा स्वतः उमेळ्याला आले. केळी न्यायला आलो म्हणाले. मामा वाडीतच होते. अण्णांनी त्यांना विचारलं की टोस्ट या प्रकाराचा मूळ उगम काय. मामांना असा प्रश्न कुणी कधी विचारला नव्हता. त्यांनी खुर्ची मागवली.

निकाल लागला, आम्ही तिघी तीन वेगळ्या कॉलेजांत गेलो आणि आमचं रोजचं जमणं सुटलं. विरारने पुढे वक्तृत्व सोडलं. आता ती बँकेत आहे आणि मीटिंगमध्ये सगळ्यांत कमी बोलते असं ऐकते. पण अण्णा मात्र पुढे कित्येक वर्षं महिन्यातून एखाद्या रविवारी उमेळ्याला जात राहिले. मामा आणि ते आंब्याखाली समोरासमोर बसत. एकाचं वाक्य पुरं व्हायच्या आत दुसऱ्याचं सुरू होई आणि दोघांपैकी कुणीच ऐकत नसे, तरी दोघंही खूश असत. उमेळेचे वडील थोडा वेळ त्यांच्यापाशी उभे राहत, मग फावडं खांद्यावर टाकत आणि मोगऱ्याला पाणी सोडायला निघून जात.